बरी होणार, असं लिहून कोण देणार

गेल्या महिन्यात ओहायोतल्या डब्लिनहून एका बाईंचा फोन आला. ओळख ना पाळख. त्यांच्या यजमानांना माझाच आजार झाला होता आणि कुणीतरी त्यांना माझा नंबर दिला होता. बाईंचा आवाज कापत होता. "ताई, मी नेमकं काय करू?" मी म्हटलं, "सगळ्यात आधी नर्सला हाक मारायला शिका." त्यांना वाटलं असणार, बाई आजारातून उठली खरी, पण डोक्यावर थोडा परिणाम राहिलेला दिसतोय.

म्हणून नीट लिहून काढते आहे. मी डॉक्टर नाही आणि वकील तर नाहीच नाही. ऐंशीच्या दशकात, ऐन तिशीत, मिशिगनमध्ये मानेखाली लुळी पडले आणि पुढे उठून चालू लागले, एवढीच माझी पात्रता. डावं पाऊल अजून जरा ओढतं. ज्यांना हा आजार झालाय त्यांनी हे वाचावं, आणि ज्यांच्या माणसाला झालाय त्यांनी दोनदा वाचावं.

पायरी

आमचं घर तेव्हा नोव्हायला होतं. माझा नवरा श्रीधर मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत इंजिनियर. मुलगी मीनल पहिलीत. मी ॲन आर्बरच्या विद्यापीठात लायब्ररी सायन्सचं मास्टर्स करत होते, तेही स्वतःच्या नावावर स्टुडंट लोन काढून. श्रीधर म्हणाला होता की त्याच्या पगारातून फी भरू, पण मला ते नको होतं. ग्रीन कार्ड आल्यावर माझ्या एकटीच्या नावाने झालेली ती पहिली गोष्ट, आणि तिचा मला केवढा तोरा होता.

त्या हिवाळ्यात साधा फ्लू झाला आणि बरा झाला. मग पायांना मुंग्या यायला लागल्या. बूट घट्ट झाले असतील, थंडी फार आहे, असं मी स्वतःला समजावत राहिले. एका संध्याकाळी युनिव्हर्सिटीच्या बसच्या पायरीवर पाय ठेवायला गेले, तर तो उचलेचना. मागे रांग, ड्रायव्हर थांबलेला. मी दांडी धरून स्वतःला वर ओढलं आणि कुणी पाहिलं का ते आधी बघितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी टूथपेस्टचं झाकण उघडता येईना.

इमर्जन्सीत न्यूरॉलॉजिस्टने माझ्या गुडघ्यावर छोटी हातोडी मारली. पाय हलला नाही. त्याने पुन्हा मारली, मग दुसऱ्या पायावर. मी हातोडीकडे बघतच नव्हते, त्याच्या चेहऱ्याकडे बघत होते. त्याने आजाराचं नाव सांगितलं, गुलेन बारी सिंड्रोम. शरीराची संरक्षण करणारी यंत्रणाच चुकून मज्जातंतूंवर उलटते. पायांपासून सुरू होतं आणि वर चढत जातं.

"किती वर?" मी विचारलं.

तो म्हणाला, "तुमच्या श्वासावर आम्ही नीट लक्ष ठेवणार आहोत." मला उत्तर मिळालं. तेव्हा वाटलेली भीती मला आजही अंगात जशीच्या तशी आठवते. ती मरणाची नव्हती. सगळं समजत राहील आणि काहीच हलणार नाही, याची होती.

श्रीधर म्हणाला, "काही होत नाही गं. होईल सगळं ठीक." पुढचे कित्येक महिने तो हेच म्हणत राहिला, आणि दर वेळी मला त्याच्या अंगावर काहीतरी फेकावंसं वाटायचं. फेकायला हात चालत नव्हते, हे त्याचं नशीब.

आपली माणसं

अतिदक्षता विभागातलं फार सांगत नाही. एका दमात किती आकडे म्हणता येतात हे नर्स पुन्हा पुन्हा मोजायची. मी घाबरून मराठीत म्हणायला लागले की तिला मी कुठवर पोचले ते कळायचं नाही, मग पहिल्यापासून. आकडे कमी होत गेले, आणि श्वासाचं मशीन लावायची वेळ येते की काय अशा टोकाला येऊन ते थांबले. तिथून पुढे आजार चढला नाही. पण उतरायचीही चिन्हं दिसेनात.

मग मला ॲन आर्बरच्याच एका शुश्रूषागृहात हलवलं. तिथे नर्सेस, थेरपिस्ट सगळे होते. श्रीधरच्या नोकरीतून असा विमा होता की हॉस्पिटलनंतरच्या लांबलचक देखभालीचा खर्च विमा कंपनी करते. आम्हाला वाटलं, चला, निदान ही एक काळजी मिटली.

आणि आपली मंडळी धावून आली. त्यांच्या पुढे होत्या मंदाकाकू. मूळच्या नागपूरच्या, काका इथे सर्जन, स्वतः सगळ्या मराठी घरांच्या बिनपगारी मुकादम. त्यांनी फोनवर सगळ्यांच्या पाळ्या लावून टाकल्या. रोज सकाळी कुणीतरी थर्मासमधून मऊ भात आणि वरणाचं पाणी घेऊन हजर. मला घास भरवायचे, कुशीवर वळवायचं, वेणी घालायची, अंग पुसायचं, बेडपॅनही. संध्याकाळी श्रीधर. नर्सला खोलीत यायचं कामच पडायचं नाही. नर्सेस कौतुकाने म्हणायच्या, इंडियन कुटुंबं किती छान असतात. आम्ही सगळे फुशारून जायचो.

मलाही तेच हवं होतं. परक्या बाईने माझं सगळं करायचं या कल्पनेनेच मी मरून जायचे. सकाळी नर्स दारातून विचारायची, "कसं वाटतंय आज?" मी म्हणायचे, "फाइन, थँक यू." मंदाकाकू वर जोडायच्या, "शी इज व्हेरी गुड, नो प्रॉब्लेम." परक्यापुढे दुखणं उगाळायचं नाही, ही आपली रीत. शिवाय वाईट बोललं की वाईट होतं, हेही मनात असतंच.

एकदा मीनल माझ्या खाटेशी उभी राहून म्हणाली, "आई, आर यू गेटिंग बेटर ऑर आर यू जस्ट सेइंग इट?" श्रीधरने तिला कोक आणायला पाठवलं.

नकार

विमा कंपनीचं पत्र आलं. मला कागद धरता येत नव्हता, म्हणून श्रीधर वाचून दाखवत होता आणि वाचता वाचता मराठी करत होता. मध्येच तो एक ओळ गाळतोय हे माझ्या लक्षात आलं. मी त्याला ती पुन्हा वाचायला लावली. कंपनीचं म्हणणं असं, की पेशंटला प्रशिक्षित नर्सची गरज दिसत नाही. तिला लागते ती मदत कुटुंब करतंच आहे आणि ती घरीही करता येईल. तेव्हा महिनाअखेरीनंतर खर्च बंद.

घरी म्हणजे काय, हे माझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. संडास वरच्या मजल्यावर. श्रीधर दिवसभर कामावर. काकू आणि बाकीच्या किती महिने येणार? आणि मला अजून साधं पाणी नीट गिळता येत नव्हतं. कधी कधी ते चुकीच्या वाटेने जायचं आणि छातीत खोकायचं बळ नसायचं. घरी मी आणि सहा वर्षांची मीनल दोघीच असताना तसं झालं तर? तिच्यासमोर? मी छताकडे बघत तेवढा एकच विचार करत राहिले. त्या आठवड्यात मी जेवले जवळजवळ नाहीच.

शुश्रूषागृहातल्या समाजसेविकेने सांगितलं की विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना कायद्याची मदत फुकट मिळते. मी कागदोपत्री अजून विद्यार्थिनी होते. त्या केंद्रातून मार्था नावाची वकीलबाई आली. पन्नाशीची, ठेंगणी, बर्फात वापरायचे बूट घालून. तिने रोजच्या नर्सिंगच्या नोंदी मागवल्या आणि खिडकीशी उभ्याने वाचल्या. मग विचारलं, "आज सकाळी हिला कुणी भरवलं?"

मंदाकाकू अभिमानाने म्हणाल्या, "मी." कुशीवर कुणी वळवलं? काकूंनी. काल? शेजारच्या वहिनींनी. रात्री झोपण्यापूर्वी? श्रीधरने. पाणी घशात अडकलं तर कोण बघतं? आम्हीच, आम्हीच. नर्सला कशाला त्रास?

मार्था खुर्चीत बसली. "मला तुमच्यासारखे शेजारी हवे होते," ती म्हणाली. "पण हिला घरी पाठवताय ते तुम्हीच. इथे रोज एकच लिहिलंय, पेशंट आरामात, तक्रार नाही."

मग तिने उपाय सांगितला. आपल्या माणसांनी यायचं, बसायचं, गप्पा मारायच्या, पण हात लावायचा नाही. जे लागेल त्यासाठी मी घंटी वाजवायची. आणि कसं वाटतंय असं विचारलं तर खरं सांगायचं. काही खोटं करायचं नाही, ती दोनदा म्हणाली, फक्त झाकणं बंद करायचं.

ती गेल्यावर मंदाकाकू माझ्यावरच उखडल्या. "आपल्या माणसाचं परक्याने करायचं आणि आपण बघत बसायचं? हा कसला कायदा? अहो, लोकं काय म्हणतील?" त्यांचे डोळे भरून आले होते. मला त्यांचं पटत होतं, आणि मार्थाचंही पटत होतं. आणि मला नुसती भीती वाटत होती.

घंटी

बोटं चालत नव्हती म्हणून माझी घंटी म्हणजे गालाशी बांधलेली एक चपटी गादी होती. डोकं वळवून दाबायची. पहिल्या सकाळी नाश्त्याचा ट्रे आला, टेबलावर ठेवला गेला आणि आणणारी निघून गेली. एरवी काकू लगेच चमचा हातात घ्यायच्या. आज त्या शालीत हात घालून खुर्चीत बसल्या होत्या आणि माझ्याकडे बघायचं टाळत होत्या. मी गाल दाबला. कुणी आलं नाही. पुन्हा दाबायची लाज वाटली.

शेजारच्या खाटेवर मोडक्या खुब्याच्या एक आजीबाई होत्या, निवृत्त शाळामास्तरीण. पडदा दोन बोटं सरकवायलाही त्या घंटी वाजवत. त्यांनी माझ्याकडे वळून सांगितलं, "बाळ, ते तुझ्यावर उपकार करत नाहीयेत. दाबून धर." मी दाबून धरली. ओटमील थंडगार झालं होतं, पण ते नर्सने भरवलं, आणि मला किती वेळ लागतो ते तिने पहिल्यांदा बघितलं.

असे काही दिवस गेले. कधी वेळेत यायचे, कधी नाही. ओल्या चादरीवर वाट बघत पडणं काय असतं ते मी इथे लिहिणार होते, पण नाही लिहीत. ज्यांनी भोगलंय त्यांना माहीत आहे.

मग ती दुपार. नवीन मदतनीस मुलगी घाईत होती. माझी मान नीट उचलायच्या आधीच तिने पेला तोंडाला लावला आणि वळून पलीकडच्या खाटेकडे गेली. पाणी चुकीच्या वाटेला गेलं. मला खोकला येईना. आवाज निघेना. गालाने घंटीही दाबता येईना, कारण डोकंच वळत नव्हतं. मला समोर मंदाकाकू दिसत होत्या. त्यांनी माझा चेहरा बघितला, त्या उठल्या, त्यांचे दोन्ही हात माझ्याकडे आले आणि मध्येच थांबले. मग ती साडीतली जाडजूड बाई सगळ्या कॉरिडॉरला ऐकू जाईल अशी ओरडत बाहेर पळाली, "नर्स! नर्स! कम, कम!"

नर्स नळीचं यंत्र घेऊन आली, माझ्या घशातलं पाणी ओढून काढलं, मला कुशीवर केलं, आणि कुठूनतरी श्वास आत आला. नर्सने काकूंना विचारलं, हे आधी कधी झालंय का? काकू म्हणाल्या, "मेनी टाइम्स." मेनी टाइम्स! आणि तोवर नर्सेसपैकी कुणाला ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी काकू माझ्याजवळ बसून रडल्या. "आम्ही पाठीवर थापट्या मारत होतो गं इतके दिवस. आम्हाला काय कळत होतं? आमच्या हातात गेली असतीस." मला रडताही येत नव्हतं, नाक कोण पुसणार म्हणून. मी काकूंना तसं सांगितलं. त्यांनी पदराने माझं नाक पुसलं आणि म्हणाल्या, "एवढं चालतं. मार्थाला सांगू नको."

विमा कंपनीचा डॉक्टर बघायला आला तेव्हा मार्था खाटेच्या पायाशी उभी होती. त्याने विचारलं, कसं वाटतंय. माझ्या जिभेवर 'फाइन' आलंच होतं. मी ते गिळलं आणि म्हटलं, "मला पाणी पिता येत नाही. मी एकटी असले तर मरेन. मला फार भीती वाटते." एवढं बोलायला मला खूप वेळ लागला. त्याने नोंदी बघितल्या, घशाची तपासणी केली. कंपनीने खर्च पुन्हा सुरू केला. अट एकच, दर महिन्याला सुधारणा दिसली पाहिजे. सुधारणा थांबली की खर्च थांबला.

दुसरा कागद

हात हळूहळू येऊ लागले. आधी उजवा अंगठा, मग चमचा धरण्याइतकी बोटं. पाय मात्र दगड.

इकडे घरी स्टुडंट लोनवाल्यांची पत्रं यायला लागली होती. पुढच्या सत्राला नाव नाही, तेव्हा हप्ते सुरू करा. श्रीधरने कुठूनतरी शोधून काढलं की विद्यार्थी कायमचा अपंग झाला, पुन्हा कधीच काम करू शकणार नाही असं डॉक्टरने लिहून दिलं, तर कर्ज माफ होतं. आमचा मित्र डॉक्टर अरविंद, श्रीधरचा शाळेपासूनचा दोस्त, सही करायला तयार होता. दोघं एका रविवारी फॉर्म घेऊनच आले.

मार्थाशी मी आधीच बोलले होते. तिने स्पष्ट सांगितलं होतं, "एका कागदावर तू सुधारते आहेस आणि दुसऱ्यावर कधीच सुधारणार नाहीस, असं मी मांडू शकत नाही. विमा कंपनीला दुसरा कागद कळला तर तुझी थेरपी बंद होईल. पण पाय आलेच नाहीत तर थेरपी बंद होईलच, आणि कर्ज गळ्यात राहील. यातलं काय होणार ते मला माहीत नाही. ठरवायचं तुला आहे."

श्रीधरला मात्र ते उगाच ताणल्यासारखं वाटत होतं. दोन वेगळी ऑफिसं, कोण कुणाला विचारायला जातंय?

अरविंद म्हणाला, "वहिनी, टेन्शन नका घेऊ यार. नुसती फॉर्मॅलिटी आहे. आपल्या लोकांसाठी एवढं नाही करायचं तर काय?" त्याने खिशातून पेन काढलं.

मी त्या पेनाकडे बघत राहिले. हा न्यूरॉलॉजिस्ट नव्हता, पण डॉक्टर होता. माझी फाइल त्याने वाचली होती. शुश्रूषागृहातल्या डॉक्टरांशी तो बाहेर, दार लावून, बोलायचा. इतकी सहज सही करतोय ती मैत्रीपोटी, की याला काही माहीत आहे?

"अरविंद," मी म्हटलं, "एक सांगा. ही सही मला मदत म्हणून करताय, की तुम्हाला खरंच तसं वाटतं?"

तो हसला. मग त्याने श्रीधरकडे बघितलं.

"श्रीधरकडे बघू नका. माझ्याकडे बघा."

त्याने पेनला टोपण लावलं आणि खुर्ची ओढून बसला. "हात येतायत, ते येत राहतील," तो म्हणाला. "पायांचं मला माहीत नाही, वहिनी. येतील, नाही येतील. खरंच कुणाला माहीत नाही."

आजार झाल्यापासून मला असं सरळ सांगणारा तो पहिला आपला माणूस. मला धाडकन खाली पडल्यासारखं झालं, आणि त्याच वेळी पायाखाली जमीनही लागली. माहीत नाही म्हणजे नाही असं नव्हे.

"मग जे तुम्हाला माहीत नाही ते लिहू नका," मी म्हटलं. "कर्ज राहू दे माझ्या नावावर."

श्रीधर समजावू लागला. हप्ते, घराचे हप्ते, मीनल. सगळं खरं होतं. मी म्हटलं, मी पुन्हा कधीच काम करणार नाही असं माझ्या नावाखाली लिहिलेलं मला चालणार नाही, मग ते कुठल्याही ऑफिसात का पडलेलं असेना. मार्थाला सांग, लोनवाल्यांकडे मुदत मागायची. माफी नाही, मुदत.

अरविंद फॉर्म घडी करून खिशात घालून निघून गेला. श्रीधर खिडकीशी उभा राहिला, माझ्याकडे पाठ करून. पार्किंग लॉटमध्ये कुणीतरी गाडीवरचं बर्फ खरवडत होतं.

"आणि नाही झालीस बरी तर?" तो म्हणाला.

इतक्या महिन्यांत हे वाक्य आमच्यापैकी कुणी तोंडातून काढलं नव्हतं.

"तर तू फेड."

तो वळला. मला वाटलं, आता म्हणणार, काही होत नाही गं. पण तो खाटेच्या कडेला बसला, माझा हात घेतला आणि म्हणाला, "वसू, मला पहिल्या दिवसापासून इतकी भीती वाटते आहे की घरी गेल्यावर मी गॅरेजमध्ये गाडीतच बसून राहतो. मीनल दार उघडून हाका मारते तेव्हा आत जातो." आणि तो रडायला लागला, मोठ्याने, शेजारच्या आजीबाईंसमोर.

नवऱ्याला असं रडताना बघून बायकोला वाईट वाटायला हवं. खरं सांगते, मला हायसं वाटलं. इतके दिवस मला वाटत होतं, त्या खोलीत घाबरलेली मी एकटीच आहे.